पास्कोलचा उपास

सकाळच्या मिस्सेनंतर जोव्हिटा मिस्किटा चर्चच्या पायऱ्या उतरली, की घरी पोहोचेपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलत नसे, आणि हे एव्हाना अर्ध्या गिरगावाला पाठ झालं होतं. केळीवाला तिला बघून नुसती मान हलवायचा. पोस्टातून निवृत्त झालेल्या दळवीबाई एरवी कुणाला अर्धा तास सोडत नसत, पण त्यासुद्धा बाजूला सरकून तिला वाट द्यायच्या. कारण त्या वेळी जोव्हिटाच्या गळ्यात, ड्रेसच्या आत, काळ्या गोफात ओवलेली एक छोटी सोनेरी डबी असायची आणि डबीत ओस्ती. फादरांनी मिस्सेत अर्पण केलेली ती पातळ, पांढरी भाकर. तिच्यात खुद्द प्रभू येशू असतो, हे मिस्किटांच्या पाच पिढ्यांनी मानलं होतं, आणि त्या पाच पिढ्यांचं एरवी कशावरही एकमत नव्हतं. प्रभूला गळ्यात घेऊन चालताना माणूस केळ्यांचा भाव करत नाही, एवढं साधं होतं ते.

जानेवारीत पास्कोलला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरांनी हात वर करून आता सगळं देवावर म्हणून सांगितलं, आणि देवाने ते चक्क मनावर घेतलं. मार्चमध्ये पास्कोल चौघांच्या हातांवर, पण जिवंत, घरी आला. तेव्हापासून रोज आठच्या ठोक्याला त्याच्या पलंगाशी मेणबत्ती लागायची, स्टुलावर पांढरं फडकं अंथरलं जायचं, आणि जोव्हिटा ओस्तीचा कणभर तुकडा चमचाभर पाण्यातून त्याला द्यायची, कारण मोठा घास त्याला गिळता येत नसे. उरलेला भाग ती स्वतः घ्यायची. त्यानंतरच पास्कोलचा चहा. कम्युनियनच्या, म्हणजे ओस्ती घेण्याच्या, आधी पोटात काही जाता कामा नये, हा त्याच्या आईने लावलेला नेम त्याने सत्तर वर्षं मोडला नव्हता, आणि अंथरुणात पडल्यावर मोडायचं त्याला काही कारण दिसत नव्हतं.

आज मे महिन्यातला दुसरा शनिवार, वाडीच्या क्रुसाचा सण. प्लेगच्या सालात पास्कोलच्या पणजोबांनी बांधलेला तो दगडी क्रूस सकाळी सातलाच आंघोळ करून, चुना लावून तयार होता. शेजारचा हितेंद्र साळसकर स्टुलावर चढून झेंडूच्या माळा बांधत होता. त्याचे वडील बांधायचे, आता तो बांधतो. आपण ख्रिश्चन नाही हे त्याला त्या दिवशी कुणी आठवण करून दिली तरच आठवायचं. जोव्हिटा त्याच्याकडे न बघता पुढे चालली होती. इतक्यात तिचा दीर क्लिटस पायजम्यावरच तरातरा समोर आला आणि तिची वाट अडवून उभा राहिला.

"वहिनी, रॉयडन आलाय."

झालं. जोव्हिटाचे पाय पळायला लागले.

आता या रॉयडनबद्दल. तिचा थोरला. छत्तीस वर्षांचा, बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत, लग्नाचं नाव नाही. कोरोनाच्या काळात चर्चला टाळं लागलं तेव्हा तो लॅपटॉपवर मिस्सा बघू लागला, आणि बघता बघता त्याला कुठल्याशा फ्रेंच खेड्यातली जुनी लॅटिन मिस्सा सापडली. वेदीकडे तोंड केलेले फादर, धूप, गुडघ्यांवर बसलेली माणसं आणि मधे लांबलचक शांतता. सगळं जग तेव्हा रोज मेलेल्यांचे आकडे मोजत होतं, आणि या पोराला त्या शांततेत पहिल्यांदा वाटलं की देव खरोखर समोर आहे. तिथून तो बदलला. शुक्रवारी मटण सोडलं, रोज जपमाळेवर पूर्ण रोझरी म्हणू लागला, लॅटिन शिकला. इथवर जोव्हिटाला त्याचं कौतुकच होतं. कुणाच्या मुलाला दारू लागते, तिच्या मुलाला प्रार्थना लागली होती. मग हळूहळू तो म्हणायला लागला की साठ वर्षांपूर्वी चर्चने लॅटिन सोडून मिस्सा लोकांच्या भाषेत आणली, फादरांना लोकांकडे वळवलं, आणि लोकांना जवळ घ्यायच्या नादात देवाला लांब केलं. आणि ओस्तीला हात लावायचा तो फक्त फादरांनी, ज्यांच्या हातांना त्यासाठी अभिषेक झालेला असतो. बाकीच्यांनी नाही.

आणि जोव्हिटा बारा वर्षं चर्चची कम्युनियन मिनिस्टर होती. बिशपांच्या परवानगीने, पांढरी पट्टी गळ्यात घालून, रविवारी फादरांच्या शेजारी उभं राहून ती ओस्ती वाटायची.

ईस्टरला काय झालं ते आख्ख्या चर्चने पाहिलं. रांग सरकत सरकत रॉयडन जोव्हिटापर्यंत आला. मधे एकच माणूस उरलं होतं. तिने त्याच्यासाठी ओस्ती उचललीसुद्धा होती. तेव्हा तो रांगेतून बाहेर पडला, खालमानेने पलीकडे गेला आणि फादरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. जोव्हिटाचा हात तसाच हवेत राहिला. दुसऱ्या दिवशी क्लिटस त्याला जे बोलला ते बोलला, आणि रॉयडन बॅग उचलून गेला. पोप वारले तेव्हा त्याने फोन केला नाही. परवा नवे पोप निवडून आले तेव्हाही नाही. जोव्हिटाने देवाकडे एक नवरा मागितला होता, तो मिळाला. आता तिला मुलगा परत हवा होता, आणि एका वर्षात दोनदा मागायचं म्हणजे देवाला काय वाटेल, या संकोचात ती अडकली होती.

दारात तो उभाच होता. वाळलेला, दाढी वाढलेली, हातात तीच बॅग. ती त्याला काही विचारणार होती, पण त्याने वाकून तिचा हात कपाळाला लावला, लहानपणी आशीर्वाद मागायचा तसा, आणि ती सगळं विसरली. अगदी सगळं.

स्वयंपाकघरात जाऊन तिने ड्रेसवर एप्रन बांधला. संध्याकाळी क्रुसापुढे लदीन व्हायची होती. मरियामाउलीचं एकेक नाव घेत गायची ती जुनी लॅटिन प्रार्थना, आणि त्यानंतर सगळ्या वाडीला उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप घालून. दोनशे माणसांचे चणे. तिची मुलगी शर्लिन दादरहून आदल्या दिवशीच मदतीला आली होती आणि पातेल्याशी झगडत होती. जोव्हिटाने तिच्या हातातून झारा घेतला आणि एकीकडे चणे ढवळत दुसरीकडे रॉयडनला अंडी फोडून देऊ का, पाव आणू का, असं सुरू केलं. तो म्हणाला, नको, संध्याकाळच्या मिस्सेपर्यंत मी काही घेत नाही. विमानात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं त्याने. शर्लिनने डोळे फिरवले. जोव्हिटाला मात्र तेही बरं वाटलं. निदान तो मिस्सेला येणार होता.

साडेआठला शर्लिन पास्कोलचा चहा घेऊन गेली आणि तसाच परत घेऊन आली. "पापा तोंड उघडत नाहीत."

झोप नीट झाली नसेल, जोव्हिटा म्हणाली, थोड्या वेळाने दे.

नऊला तो पेज घेईना. पास्कोलच्या डाव्या हाताच्या बोटात लग्नाची अंगठी होती, तिने तो पलंगाच्या लोखंडी दांडीवर टकटक करायचा. बोलता येत नसल्यामुळे तीच त्याची भाषा होती. त्या सकाळी टकटक थांबेना. शर्लिनने पंखा वाढवला. मग कमी केला. क्लिटसने टीव्ही लावून दिला, तर टकटक आणखी वाढली. टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या चालल्या होत्या, ड्रोन आणि धूर आणि ओरडणारी माणसं. हितेंद्र माळा बांधायच्या सोडून दारातून ते बघत उभा राहिला. त्याचा भाचा वरद जम्मूला फौजेत होता आणि काल रात्रीपासून फोन लागत नव्हता. संध्याकाळी क्रुसापुढे त्याच्या नावाची एक मेणबत्ती लावाल का, असं त्याने जोव्हिटाला विचारलं. ती उत्तर देण्याआधी रॉयडन उठला, हितेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेला, भाच्याचं पूर्ण नाव विचारून घेतलं, आणि तिथेच क्रुसापाशी उभ्या उभ्या रोझरीची एक माळ म्हणून टाकली. शर्लिन खिडकीतून बघत होती. तिचा भावावरचा राग तिथे थोडा पातळ झाला, पण ते ती कबूल करणार नव्हती.

दहा वाजता मुख्य तमाशाला सुरुवात झाली.

लदीन चालवायचा मान मिस्किटांच्या थोरल्याचा. तीस वर्षं पास्कोल गायला. त्याचा आवाज असा, की बाहेर ट्रामरस्त्यापर्यंत, म्हणजे ट्राम जाऊन साठ वर्षं झालेल्या त्या रस्त्यापर्यंत, ऐकू जायचा. आता पास्कोल नाही, तर त्याचा थोरला. पण क्लिटसने, कुणाला न विचारता, यंदाची लदीन मराठीत बसवली होती. गिटार, ढोलकी, वाडीतल्या सहा मुली. छापील कागदसुद्धा तयार होते. रॉयडनने कागद वाचला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मी हे गाणार नाही, म्हणाला. तुला गा म्हटलंय कुणी, क्लिटस म्हणाला.

जोव्हिटा झारा हातात घेऊन दोघांच्या मधे येऊन उभी राहिली, आणि त्यानंतर दीड तास ती तशीच कधी या खोलीत, कधी त्या खोलीत होती. क्लिटसने ईस्टर काढलं. ज्या माणसाला स्वतःच्या आईच्या हातून देव घ्यायला लाज वाटते, त्याने क्रुसापुढे उभं राहू नये, असं तो म्हणाला. शर्लिन म्हणाली, बरोबर आहे अंकलचं. रॉयडन पांढराफटक पडला. पण आवाज चढवला नाही त्याने, हे खरं. लाजेचा प्रश्न नाही, तो म्हणाला. भीतीचा आहे.

"अंकल, माणसं गुडघ्यावर बसायची बंद झाली. मग वाकायची बंद झाली. मग यायची बंद झाली. युरोपात चर्च विकून हॉटेलं काढली आहेत, मी डोळ्यांनी पाहिलंय. आपण म्हटलं, देव आपला मित्र आहे, एवढं काय घाबरायचं. आणि मित्राला काय, उद्या भेटू म्हणता येतं."

आता क्लिटस गप्प बसणारा नव्हता. गिरगावातली अर्धी वाडी वसईला आणि उरलेली कॅनडाला गेली, ती लॅटिन नाही म्हणून गेली का, असं त्याने विचारलं. मग खुर्ची ओढून बसला आणि जरा वेगळ्याच आवाजात बोलला.

"माझ्या आजीने चाळीस वर्षं फादरांची पाठ बघितली. तिला एक शब्द कळत नव्हता, ती आपली माळ ओढत बसायची. पहिली मराठी मिस्सा झाली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ती घरी आली, इथे या उंबऱ्यावर बसली आणि रडली. म्हणाली, देव माझ्या भाषेत बोलला. ते तू मला चूक होतं म्हणून सांगणार?"

रॉयडन म्हणाला, तुमची आजी त्याआधीची चाळीस वर्षं रोज जात होती, अंकल, न कळतासुद्धा. ती कशामुळे जात होती तेवढं मला हवंय. क्लिटसने खांदे उडवले. मग नवे पोप काय करतील, जुन्या मिस्सेवरची बंधनं काढतील की आवळतील, यावर दोघांची जुंपली. पोप पहारेकरी असतो, मालक नसतो, असं रॉयडन म्हणाला, तर क्लिटस म्हणाला, हो, आणि तू पहारेकऱ्याचा पहारेकरी. शर्लिनला हसू फुटलं. आता ती कुणाच्या बाजूने आहे हे तिचं तिलाच ठरवता येईना, म्हणून ती पुन्हा पेज गरम करायला गेली.

जोव्हिटा ऐकत होती. तिला दोघांचंही पटत होतं, आणि हे ती दोघांनाही सांगू शकत नव्हती. तिला आठवत होता ईस्टरचा तो हवेत राहिलेला हात. रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला वाटायचं, आपले हात खरंच तेवढे आहेत का? कांदा चिरलेले, मासे साफ केलेले, पास्कोलची दुपटी बदललेले हात. पण मग वाटायचं, मरियामाउलीचे हात तरी दुसरं काय करत होते.

साडेअकरा झाले. पास्कोलने पाण्याचा चमचाही दातांनी अडवला. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. टकटक आता थकली होती, मधेच थांबायची. शर्लिनने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, एक वाजेपर्यंत पाणी घेतलं नाही तर घेऊन या, दुसरा झटका असू शकतो.

घरातली हवाच गेली. क्लिटस रॉयडनकडे वळला आणि म्हणाला, बघ, तू आलास आणि भावाने अन्न सोडलं. शर्लिन एकदम क्लिटसवर उखडली. दीड तास तोंड तुम्हीही चालवत होतात अंकल, पापांना ऐकू येतं. मग ती रडायला लागली. रॉयडन खोलीच्या दारात उभा राहून बापाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं की जोव्हिटाला वाटलं, हा आता परत बॅग उचलणार, आणि या वेळी कायमची.

ती पास्कोलजवळ गेली. त्याच्यावर वाकली, घाम पुसला. "काय होतंय तुला?" तिने विचारलं. "मला सांग. हॉस्पिटल नको ना? मग पाणी घे."

पास्कोलने डावा हात उचलला. तो हात तिच्या गालाकडे येतोय असं तिला वाटलं. तो खाली गेला, एप्रनच्या पट्ट्याच्या बाजूला चाचपडला, आणि त्याने तिच्या मानेवरचा काळा गोफ दोन बोटांत धरला. ओढला नाही. नुसता धरून ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"पापा आजारी नाहीत," रॉयडन दारातून हळूच म्हणाला. "पापा उपाशी आहेत. माझ्यासारखेच."

जोव्हिटाचा हात छातीशी गेला. एप्रनच्या आत, ड्रेसच्या आत, डबी तिथेच होती. सकाळी साडेसातपासून. तिने चणे ढवळले होते, खोबरं कापलं होतं, शर्लिनवर ओरडली होती, आणि सबंध वेळ प्रभू तिच्या गळ्यात होता. या घरात चार माणसं दीड तास त्याच्यावरून भांडली, आणि तो त्यांच्या मधून या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. फक्त एकट्या पास्कोलला ते माहीत होतं. सांगायला त्याच्याजवळ एक अंगठी होती.

तिचे गुडघे आपोआप जमिनीला लागले. चौसष्ट वर्षांची बाई, संधिवाताची, धाडकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी डबी झाकून रडू लागली. क्लिटसने टीव्ही बंद केला. मग खुर्चीला धरून तोही खाली बसला, ज्या गुडघ्यांसाठी गेली पाच वर्षं चर्चमध्ये त्याला खुर्ची मिळत होती त्या गुडघ्यांवर. शर्लिन स्टूल पुसून फडकं शोधू लागली.

"चार तास," जोव्हिटा म्हणाली. "तुझं बरोबर होतं रे. मी या लायकीची नाही. सोमवारी फादरांना सांगून सोडते."

तिला खात्री होती, आता तो बोलणार. बोलायचा त्याला हक्कच होता. ज्याची भीती त्याने घातली होती तेच तिने करून दाखवलं होतं. रॉयडन आत आला. तिच्या शेजारी, उघड्या फरशीवर, गुडघ्यांवर बसला.

"तू चार तास विसरलीस," तो म्हणाला. "मी त्याच्यासमोर तुला शिकवत होतो, ममा. मानाबद्दल." त्याने तिच्या हातांतल्या डबीकडे बघितलं. "प्रभू, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही, असं आपण रोज म्हणतो. जुन्या मिस्सेत म्हणतो, नव्या मिस्सेत म्हणतो. म्हणतो आणि तरी तो येतो. आज तर येऊन बसून राहिला. पापा वाट बघताहेत. दे त्यांना."

माझे हात थरथरताहेत, ती म्हणाली. थरथरू देत, तो म्हणाला.

शर्लिनने मेणबत्ती लावली. भर दुपारची ती ज्योत दिसतही नव्हती. जोव्हिटाने एप्रन सोडला, हात धुतले, डबी उघडली. रॉयडनने पांढरं फडकं दोन्ही हातांवर पसरून बापाच्या हनुवटीखाली धरलं, एकही कण खाली पडू नये म्हणून. तिने कोपऱ्यातला छोटासा तुकडा मोडला, चमच्यातल्या पाण्यावर ठेवला. सकाळपासून दातखीळ बसल्यासारखं मिटलेलं पास्कोलचं तोंड लहान मुलासारखं उघडलं. त्याने गिळलं. डोळे मिटले, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहून उशीवर गेलं. रुसला नव्हता, झटका नव्हता, काही नव्हतं. शर्लिन भिंतीला टेकून हुंदके देत होती आणि देवाचे आभार मानत होती, बापाचे मानत होती, सगळ्यांचे मानत होती.

डबीत उरलेला मोठा भाग होता. रोज तो जोव्हिटा घ्यायची. तिने तो उचलला आणि स्वतःच्या ओठांकडे नेऊ लागली.

"ममा," रॉयडन म्हणाला.

तो तिथेच होता, गुडघ्यांवर, फडकं आता स्वतःच्या हनुवटीखाली धरलेलं. त्याचं तोंड तिच्याकडे होतं. क्षणभर तिला कळेना तो काय मागतोय. मग कळलं, आणि तिने क्लिटसकडे बघितलं. क्लिटसने मान खाली घातली होती.

"तुला चालेल?" तिने विचारलं. "माझ्या हातचं?"

"मला अजूनही वाटतं, हे काम फादरांचं आहे," रॉयडन म्हणाला. "उद्याही वाटेल. पण आज त्याने तुलाच निवडलंय. मी कोण नको म्हणणारा."

तिने दोन बोटांत ओस्ती धरली. तीच ती, ईस्टरला हवेत राहिलेली बोटं. "ख्रिस्ताचं शरीर," ती म्हणाली.

"आमेन." त्याने जीभ पुढे केली. छत्तीस वर्षांपूर्वी याच पलंगावर बसून तिने त्याला पहिला भाताचा घास भरवला होता तेव्हा तो थुंकला होता. आता तो थुंकला नाही. ओस्ती घेऊन त्याने कपाळ फरशीला टेकवलं आणि बराच वेळ वर उचललं नाही.

बाहेर हितेंद्र कुणाला तरी फोनवर विचारत होता, लागला का, लागला का. चणे थोडे करपल्याचा वास येत होता आणि कुणी उठत नव्हतं. जोव्हिटाने पुसून कोरडी केलेली डबी मिटली. आता मागावं तर काय मागावं, तिला काही सुचेना. "थँक यू," एवढंच ती पुटपुटली, आणि ते देवाला म्हटलं की फरशीवर वाकलेल्या त्या पोराला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.